पाय आत होता

"हनुवटी इथे, लव्ह, कपाळ पट्टीला टेकवा."
कीथलीतलं चष्म्याचं दुकान,
बाहेर नोव्हेंबरची, दुपारी चारलाच पडलेली रात्र,
आत जोडी नावाची पोरगी,
नखांवर इवल्या मेंढ्या रंगवलेल्या.
फुस्स.
यंत्र डोळ्यावर वारा मारतं. मी दचकते.
परवा म्हणे बंबवाला एक धिप्पाड गडी
खुर्चीतून उठूनच गेला.
तीनदा फुस्स, मग आकडा. सव्वीस.
दुसऱ्या डोळ्याला चोवीस.
एकविसाच्या आत बरा.
मला वाटायचं दाब रक्ताला असतो,
आणि कुकरला.

मग अंधारी खोली, एका डोळ्यावर झापड,
समोर पांढरा वाडगा, मधोमध पिवळा ठिपका.
नजर त्याच्यावरच.
कडेला कुठे काजवा लुकलुकला तर बटण दाबायचं.
शोधायचा नाही. दिसला तर.
क्लिक. क्लिक.
मग बराच वेळ काहीच नाही.
यंत्र अडकलं असेल, असं वाटून
एकदा मी उगाचच दाबलं,
आणि त्याने तेही नोंदवून ठेवलं.

हदीका मॅडम कागद पुढे सरकवते.
नाकाच्या अंगाला, वर,
कुणी राखेचं बोट फिरवावं तसा डाग.
"इथे दिवे लागत होते. तुम्ही पाहिले नाहीत."
पण मला काळं काहीच दिसत नाही!
"काळं दिसतच नाही. मेंदू रफूगर असतो,
शेजारचं कापड ओढून भोक बुजवतो."
मग नसेचा फोटो: ही बशी, हा तिच्यातला कप.
कप बशीला खात चाललाय.
तुमच्या भाषेत काय म्हणता?
काचबिंदू.
काच म्हणजे आरशाची?
हो, म्हणते मी. नंतर सुचतं,
काच दुसराही असतो.
परकराच्या नाडीचा. सासरचा.
वळ उमटेपर्यंत कुणाला न दिसणारा.

"घरात कुणाला होता?"
नाही. फॉर्मवरही 'नाही'च लिहिलंय.

आणि तेव्हा बाबा दिसतात.
कराड, अठ्ठ्याऐंशी साल, ट्यूबलाइटांखाली उपांत्य सामना,
गळ्यात शिट्टी, आईने नीळ घालून धुतलेली पँट.
चढाईवाल्याचा पाय रेषेबाहेर, चांगला वीतभर,
अख्ख्या मैदानाला दिसला.
बाबा तीन पावलांवर उभे,
आणि त्यांनी गुण दिला.
"किती घेतले, मास्तर?"
डावीकडून चप्पल आली. ते हललेसुद्धा नाहीत.
लोक म्हणाले, बघा कसा निगरगट्ट!
ती खांद्यावर बसली तेव्हा
ते केवढे चकित झाले होते,
हे फक्त मी पाहिलं. मी नऊ वर्षांची.

संघटनेने शिट्टी काढून घेतली.
आईनेही एकदा, भाकरी थापता थापता,
मान वर न करता विचारलंच.
त्यांनी शपथ घेतली नाही.
"पाय आत होता. मी पाहिला."
पुढे ताटाच्या डाव्या कडेची चटणी
तशीच राहून जायची,
आणि आई समजायची, राग अजून आहे.

"हदीका, ते 'नाही' खोडायचंय."
मी लिहिते: वडील.
निदान कोणी केलं, त्या रकान्यात
लिहायला काही नाही.
कुणी मोजलंच नव्हतं.

बसस्टॉपवरून फोन लावते. तिकडे साडेदहा.
जालिंदर, उद्याच जा, डोळ्यांचा दाब मोजून घे.
"मला स्वच्छ दिसतंय गं, ताई."
बाबांनाही स्वच्छच दिसायचं.
पलीकडे
बराच वेळ काहीच नाही.
या खेपेला मी
उगाच काही दाबत नाही.
थांबते.